लिव्हरचं जॉब कार्ड: इंदूर, नोव्हेंबर ते जून

सांवेर रोडला माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. जळालेली मोटर आली की आम्ही आधी एक कार्ड भरतो: काय आलं, कुठे जळालं, काय बदललं, किती लागले, शेवटी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) काय दाखवतो. गेल्या दिवाळीनंतर स्वतःसाठीही असंच एक कार्ड भरायला घेतलं. वय 47, उंची 168 सें.मी., घर राजेंद्र नगरला, घरात आम्ही चौघं: आई, बायको, सोळा वर्षांचा मुलगा आणि मी. मी डॉक्टर नाही. आकडे माझ्या रिपोर्टांतले आहेत, चुकाही माझ्याच. याच वाटेनं कुणी निघालं असेल तर निदान माझे खड्डे त्याला आधी कळावेत, एवढ्यासाठी वहीतून उतरवून काढतोय.

11 नोव्हेंबर 2024

विम्याच्या एजंटनं मागे लागून तपासणी करवून घेतली. वजन 84.6 किलो, कंबर बेंबीच्या रेषेत 101 सें.मी. लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम: एसजीपीटी 88, एसजीओटी 54. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड 246, चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल 36, दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी 6.1. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड 2.

रिपोर्ट घरी वाचून दाखवला तर आईचा पहिला प्रश्न: "खरं सांग, पितोस का?"

नाही पीत. वर्षातून दोनदा कुणाच्या लग्नात बिअर, तीही सोडली तरी चालेल इतपत. तिला ते पटलं नाही. लिव्हर म्हणजे दारू, हा हिशोब आमच्या पिढीनंही तसाच धरून ठेवलेला आहे. डॉक्टर म्हणाले, दारूशिवाय होणारं फॅटी लिव्हर आता इतकं दिसतं की 2023 मध्ये त्याचं नावच बदललं. साखर, मैदा, तेल, बसून काम, पोटावरची चरबी. यातलं जे वापरलं जात नाही ते लिव्हर चरबी करून स्वतःत ठेवून घेतं. हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे खाण्याचीच दारू झाली."

पहिली चूक याच दिवशी. सोनोग्राफीला जाताना रस्त्यात पोहे खाल्ले, वर जलेबी. "साडेसहा तास उपाशी" असं कागदावर छापलेलं होतं, मला वाटलं ते रक्तासाठी. पित्ताशय जेवणानंतर आकसून पित्त आतड्यात सोडतं, मग ते मशीनवर सुरकुतलेल्या पिशवीसारखं दिसतं आणि आत खडा आहे की नाही ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटी गेलो. पुन्हा 900 रुपये आणि अर्धा दिवस, तोही ऐन सीझनचा. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, सबमर्सिबल पंप रांगेत पडलेले. पित्ताशय साफ निघालं. खडा नाही.

15 नोव्हेंबर

पोटाच्या डॉक्टरांकडे. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. फायब्रोस्कॅन केलं: लिव्हरचा कडकपणा 6.4 किलोपास्कल, चरबीचा आकडा (कॅप) 318. कडकपणा ठीक, चरबी भरपूर.

त्यांनी कागदावर एक गणित करून दाखवलं, ते कुणालाही घरी करता येतं. वय गुणिले एसजीओटी. याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं. माझे प्लेटलेट 2 लाख 40 हजार, म्हणजे 240. उत्तर आलं 1.13. 1.3 च्या खाली असेल तर लिव्हरमध्ये गंभीर व्रण पडल्याची शक्यता कमी. फक्त पस्तिशीच्या आतल्यांना आणि पासष्टीपुढच्यांना हे गणित जसंच्या तसं लावू नये, असंही म्हणाले.

औषध? "वजन. 5 टक्के उतरलं तर चरबी कमी होते, 7 ते 10 टक्के उतरलं तर सूजही. तुमचं सात-आठ किलो. सहा महिने घ्या."

मी सात-आठ किलो ऐकलं. सहा महिने ऐकलं नाही.

11 डिसेंबर

वजन 78.4. सव्वीस दिवसांत 6.2 किलो! आज वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगून झालं.

कसं केलं: सकाळचं खाणं बंद. दुपारी दुधी-कोहळ्याचा रस, त्यासाठी 4,200 रुपयांचा ज्यूसर आणला. रात्री अकराला एकदाच जेवण. शेजारच्या काकांनी गुळवेलाचा काढा सुचवला, तोही रोज सकाळी अर्धा ग्लास. शिवाय "लिव्हर डिटॉक्स" म्हणून एक चूर्ण ऑनलाइन मागवलं. काढा आणि चूर्ण मिळून 1,450.

नाक्यावरचा पोहेवाला रोज विचारतो, "भिया, नाराज हो क्या?"

28 डिसेंबर

स्वतःच्या मनानं रक्त तपासलं. 700 रुपये. एसजीपीटी 97. वजन खाली, एसजीपीटी वर!

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते आधी वजनावर बोललेच नाहीत, विचारलं: "काढा-चूर्ण काही घेता का?" सांगितलं. त्यांनी दोन्ही तिथल्या तिथे बंद करवलं. करोनाच्या काळात लोकांनी गुळवेल सरसकट प्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर लिव्हरला सूज येऊन आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केलेली आहे. झाडपाल्याचं आहे म्हणजे लिव्हरला कळत नाही असं नव्हे. जे पोटात जातं ते शेवटी लिव्हरच्याच टेबलावर येतं.

आता एसजीपीटी वाढला तो काढ्यानं, चूर्णानं की उपाशी राहण्यानं? सांगता येणार नाही, कारण मी तिन्ही एकाच आठवड्यात सुरू केले. माझ्या हाताखालच्या पोरानं एकाच मोटरचं बेअरिंग, कपॅसिटर आणि केबल एकदम बदलून "चालू झाली उस्ताद" म्हटलं असतं तर मी त्याला तासलं असतं.

6 जानेवारी 2025

काल एका शेतकरी गिऱ्हाइकाकडे सांवेरजवळ शेतावर दाल-बाफल्यांचं जेवण होतं. बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवून देतात, नाही म्हणायची सोय नसते. दिवसभर काही खाल्लं नव्हतं. चार खाल्ले.

रात्री साडेअकराला उजव्या फासळीखाली दुखायला लागलं. गॅस समजून ओवा खाल्ला, अँटासिड घेतलं. दुखणं मागे पाठीच्या फऱ्यापर्यंत जात होतं. उभं राहून, आडवं होऊन, कशानंच फरक नाही. अडीचला आपोआप थांबलं.

सकाळी सोनोग्राफी, या वेळी उपाशीपोटी. पित्ताशयात गाळ. नोव्हेंबरमध्ये जे साफ होतं त्यात आता गाळ!

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो. पित्ताशय म्हणजे तीस ते पन्नास मिलिलिटरची पिशवी. लिव्हर पित्त बनवतं, पिशवी ते साठवून घट्ट करते, जेवणातलं तूप-तेल आतड्यात उतरलं की पिशवीला आकसण्याचा निरोप जातो. मी दिवसातले बावीस तास तिला निरोपच पाठवत नव्हतो. पित्त आत पडून राहिलं. त्याच वेळी वजन झपाट्यानं उतरत होतं, आणि शरीरातली चरबी अशी वितळते तेव्हा लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. पडून राहिलेलं पित्त, त्यात जास्तीचं कोलेस्टेरॉल: गाळ बसणारच. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरवणाऱ्यांत खडे होण्याचा धोका वाढतो. माझा हिशोब आठवड्याला 1.67 किलो निघाला. वर उपाशी पोटावर तुपाचा मारा, म्हणजे पिशवी एकदम जोरात आवळली गेली.

टाकीत गाळ बसतो तसाच प्रकार. फरक इतकाच की टाकी उपसता येते.

तीन महिन्यांसाठी अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी दिली. खाली जे जे सुधारलं त्यात त्या गोळीचाही वाटा आहे. सगळं श्रेय सवयींना दिलं तर तो खोटा हिशोब होईल. आणि एक ताकीद मिळाली, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे: दुखण्याबरोबर ताप आला, थंडी वाजली, डोळे पिवळे दिसले, किंवा दुखणं काही तासांत थांबलंच नाही, तर ओवा न शोधता सरळ हॉस्पिटल.

8 जानेवारी

मेहुण्याचा नागपूरहून फोन. "दाजी, रात्री लिंबाचा रस आणि वाटीभर तेल प्या, सकाळी हिरवे खडे पडतात, माझ्या मित्राचे चाळीस पडले." डॉक्टरांना विचारलं. ते हसले. ते गोळे त्याच तेलाचे पोटात बनलेले साबण असतात, खडे नव्हेत. शिवाय आत खरोखर खडा असेल तर वाटीभर तेलानं पिशवी आवळून तो नळीत अडकू शकतो. मेहुण्याला कळवलं. तो म्हणाला, "तुमचे डॉक्टर ॲलोपॅथीवाले ना?"

आजपासून नियम: पंधरा दिवसांत एकच बदल. तो बसला की पुढचा. वजन फक्त रविवारी सकाळी. ज्यूसर माळ्यावर.

पहिला बदल अगदी उलटा: सकाळी आठला खायचं, त्यात थोडं तेल-तूप असायलाच हवं. पोहे परत आले! घरी केलेले, मटार-शेंगदाणे घालून. बाहेरचे इंदुरी पोहेही तसे बदनाम व्हायला नकोत. ते गरम पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात, तेल बेताचंच. गोंधळ वरून होतो: मूठभर शेव आणि शेजारची जलेबी.

14 जानेवारी

संक्रांत. गुळाची पोळी एक, तूप लावून. आईनं दुसरी वाढली, परत केली. ती दिवसभर बोलली नाही.

22 जानेवारी

दुसरा बदल: रात्रीचं जेवण. हा सगळ्यात अवघड गेला.

वर्कशॉप साडेआठला बंद होतं, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायला पाऊण-एक तास, आंघोळ, मग जेवण पावणेअकराला आणि अकराला अंथरूण. वर्षानुवर्षं हेच. या शहरात उशिरा खाण्याला कुणी नावं ठेवत नाही, उलट सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यांवर आमचा सराफा भरतो.

पहिला प्रयत्न: वर्कशॉप साडेसातला बंद. चार दिवसांत तीन गिऱ्हाइकं शेजाऱ्याकडे गेली. सीझनमध्ये हे जमणार नाही. दुसरा प्रयत्न: रात्री उपाशी झोपायचं. म्हणजे पुन्हा तोच खड्डा. तिसरा टिकला: दुसरा डबा. दुपारच्या डब्याबरोबरच रात्रीचाही निघतो, भाकरी किंवा पोळी, भाजी, घट्ट वरण. साडेसातला वार्निशच्या भट्टीपासून लांब बसून जेवतो. घरी आल्यावर ताकाचा ग्लास, बस.

यात माझी मेहनत शून्य आहे, हे स्पष्ट लिहितो. सकाळी दोन डबे बायको करते. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "लिव्हर तुमचं, पहाटे साडेपाचला मी का उठायचं?" उत्तर नव्हतं. आता भाज्या रात्री मी चिरून ठेवतो, वरणाचा कुकर मी लावतो. ज्याच्या घरात हा प्रयोग करायचा असेल त्यानं हा मुद्दा आधी मिटवावा, नाहीतर दहाव्या दिवशी डबा बंद होतो.

आठ दिवसांतच जाणवलेला फरक लिव्हरचा नव्हता: सकाळचं आंबट पाणी घशाशी येणं बंद झालं.

6 फेब्रुवारी

चहा. वर्कशॉपमध्ये दिवसाला सहा कट, जो येईल त्याच्याबरोबर एक. टपरीवाल्याकडे बसून साखर मोजली: एका कपात साधारण सात ग्रॅम. सात सक्कं बेचाळीस. म्हणजे रोज आठ चमचे साखर फक्त चहातून. आता दोन कप, अर्ध्या साखरेचे. एकदम तोडलं म्हणून तीन दिवस डोकं दुखलं. हळूहळू उतरवायला हवं होतं. दुपारी एक बिनसाखरेची कॉफी घेतो. लिव्हरच्या बाबतीत कॉफीचं नाव चांगलं आहे, डॉक्टरही नको म्हणाले नाहीत. चव अजून जमलेली नाही.

13 फेब्रुवारी

तेलाची नोंद. या कार्डावरचं सगळ्यात कामाचं पान हेच.

12 नोव्हेंबरला सोयाबीन तेलाचा पाच लिटरचा कॅन उघडला तेव्हा सहज मार्करनं तारीख टाकली होती. तो 5 डिसेंबरला संपला. 23 दिवस, चार माणसं. पाच हजार मिलिलिटर भागिले ब्याण्णव: माणशी रोज 54. घरात कुणालाच पटेना. "आपल्याकडे तेल कमीच असतं," हे आईचं वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला बैठं काम करणाऱ्यासाठी साधारण पंचवीस ते तीस ग्रॅमच्या आसपास आहे, तोही सगळं तेल-तूप-लोणी धरून. आमचं तूप यात मोजलेलंच नव्हतं.

दुसरा कॅन 31 दिवस गेला (तेव्हा मी उपाशी होतो, तो धरायचा नाही). तिसरा 5 जानेवारी ते आज, 39 दिवस. माणशी 32.

काय बदललं? बुधला गेला, चमचा आला. बाकी खरंच काही नाही. बुधल्यातून कढईत तेल "ओततात", ते किती पडलं हे हात सांगतो, आणि हाताला सवय आईकडून आलेली असते. पाच मिलिलिटरचा चमचा डब्यातच ठेवला. चौघांच्या भाजीला चार चमचे. पहिले तीन-चार दिवस भाजी खाली लागली, दोडका तर जळालाच. मग कढई बदलली: पातळ ॲल्युमिनियमची काढून जाड लोखंडी. फोडणीनंतर पाण्याचा हबका मारून झाकण. आता लागत नाही. तळण आठवड्यात एकदा, रविवारी, आणि तळलेलं तेल पुन्हा तळायला नाही.

आणि शेव. ही मी शेवटपर्यंत लपवून ठेवली होती, स्वतःपासूनसुद्धा. महिन्याला तीन किलो. पोह्यांवर, भाजीवर, वरण-भातावर, काही नसलं तर नुसती. पाकिटाच्या मागे वाचलं: शंभर ग्रॅमला 38 ग्रॅम चरबी. किराण्यात शेव "तेल" या खात्यात येत नाही, म्हणून कॅनच्या हिशोबात ती दिसत नव्हती. शेव बंद केलेली नाही. इंदुरात राहून शेव सोडणारा माणूस मला अजून भेटायचाय. मोठा डबा काढून अडीचशे ग्रॅमची बरणी ठेवली, ती दहा दिवस पुरवायची. पहिली बरणी चार दिवसांत संपली, मुलाकडे बोट दाखवलं, तो म्हणाला, "बाबा, चमचा तुमच्या ताटात होता."

2 मार्च

गेले दहा दिवस वाया. चौथा बदल होता चोथा, म्हणजे फायबर. बद्धकोष्ठ मला वर्षांचं. डॉक्टर म्हणाले दिवसाला तीस ग्रॅमपर्यंत न्या, आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं तेच खाणं. पित्तातला काही भाग चोथ्याबरोबर बाहेर जातो, मग लिव्हर नवीन पित्त बनवायला रक्तातलंच कोलेस्टेरॉल वापरतं, हाही फायदा.

मी दुसऱ्याच दिवशी सकाळी मोड आलेले हरभरे, दुपारी राजमा, रात्री दोन चमचे इसबगोल, तोही पाव ग्लास पाण्यात. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं. वर्कशॉपमध्ये पोरं पंखा माझ्याकडे वळवून ठेवायला लागली. इसबगोल पाणी शोषून फुगतो. पाणी कमी पडलं तर तो आतच घट्ट बसतो, आणि तसंच झालं. मध्येच महाशिवरात्र आली, दिवसभर साबुदाणा खिचडी आणि तळलेले बटाट्याचे पापड. उपासाच्या दिवशी सगळ्यात जास्त तेल पोटात जातं, हे कॅनवरूनही दिसतं.

पुन्हा सुरुवात केली ती अशी: पहिल्या आठवड्यात फक्त एक गोष्ट, दुपारची पोळी काढून ज्वारीची भाकरी. दुसऱ्या आठवड्यात रोज एक पेरू, ज्याला इथे जाम म्हणतात, बियांसकट. मग मसूर-मूग, हळूहळू चवळी. राजमा आणि हरभरे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मऊ शिजवून, आठवड्यात दोनदा. इसबगोल एक चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात, ढवळून लगेच. पिठाच्या गिरणीवाल्याला सांगून गव्हाचं पीठ जरा जाडसर काढलं आणि चाळणं बंद केलं. भाकरी माझी बायको करत नाही, आई करते. तिचा रुसवा त्या दिवशी गेला.

फुकटचा उपाय एक सांगतो: कमोडवर बसताना पायाखाली आईचा जुना लाकडी पाट. गुडघे कमरेच्या वर येतात, जुन्या बैठ्या संडासासारखं. इसबगोलापेक्षा मला यानं जास्त काम दिलं.

19 मार्च

रंगपंचमी. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक. रंगात न्हाऊन दोन कचोऱ्या, एक जलेबी, दोस्तांनी आग्रहानं आणखी अर्धी. भांगेला हात लावला नाही. रात्री उजव्या फासळीखाली सारखं चाचपून बघत झोपलो. काही झालं नाही. सकाळी, रविवार नसताना, काट्यावर उभा राहिलो: एक किलो शंभर ग्रॅम जास्त. दोन दिवसांनी ते आपोआप गेलं. मीठ आणि पाणी होतं. रविवारचा नियम याचसाठी.

30 मार्च

पाडवा. चौथा कॅन काल संपला, 44 दिवस. वजन 78.9. जानेवारीअखेर ते पुन्हा 80.4 वर गेलं होतं, तेव्हा घाबरलो होतो; उपाशीपणाचं उतरलेलं परत येतंच. आता आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅम उतरतंय. मनाला पटत नाही, पण असंच हवं म्हणतात.

श्रीखंड दोन चमचे, चारोळ्या जास्त.

20 एप्रिल

पाचवा बदल: चालणं. पहाटेचं जमलं नाही, सहा दिवसांत दोनदा. रात्री घरी आल्यावर वीस मिनिटं, राजेंद्र नगरच्याच गल्ल्यांत, जमलं. बायको बरोबर येते, आई फाटकात बसून फेऱ्या मोजते. रविवारी मुलाला घेऊन पिपल्यापाल्याच्या बागेत तासभर. आठवड्याला दीडशे मिनिटं होतात कशीबशी. त्याबरोबर वर्कशॉपमध्ये दुपारी पंधरा उठाबशा आणि भिंतीला टेकून दंड. पोरांना वाटलं कुणीतरी मला शिक्षा केली.

यातही एक चूक. 17 तारखेला क्रेन बंद होती, दोघांनी मिळून पंधरा अश्वशक्तीची मोटर उचलून ट्रॉलीवर चढवली. 18 ला सकाळी रक्त दिलं. एसजीपीटी 52 आला, छान, पण एसजीओटी 71! छातीत धस्स. डॉक्टरांनी विचारलं, "एक-दोन दिवसांत अंगमेहनत?" एसजीओटी स्नायूंतही असतो, जोरकस कामानंतर वाढतो. आठ दिवसांनी परत द्यायचं, आधीचे तीन दिवस वजन उचलायचं नाही. 300 रुपये आणि एक आठवडा झोप उडाली.

(27 एप्रिलची भर: एसजीओटी 36.)

18 मे

सोनोग्राफी. पित्ताशयात गाळ नाही, खडा नाही. लिव्हर ग्रेड 1. गोळी एप्रिलमध्येच थांबली होती. पाचवा कॅन 15 मेला संपला, 47 दिवस, माणशी 27 मिलिलिटरला टेकलो.

सोबत आईचीही करवली, तिच्या पोटात अधूनमधून जडपणा असतो म्हणून. तिच्या पित्ताशयात 11 मिलिमीटरचा एक खडा निघाला! डॉक्टरांनी बराच वेळ प्रश्न विचारले. दुखत नाही, कधी दुखलेलं नाही. जडपणा खड्याचा वाटत नाही. बायकांमध्ये आणि वय वाढेल तसे खडे जास्त सापडतात, आणि त्रास न देणाऱ्या खड्याला बहुतेक वेळा हात लावत नाहीत, फक्त लक्ष ठेवायचं. आई रिक्षात म्हणाली, "चार महिने पथ्य तू केलंस आणि खडा माझ्यात निघाला." मेहुण्याला हे कळवलेलं नाही.

8 जून

शेवटची मोजणी. वजन 76.9, म्हणजे 7.7 किलो कमी, नऊ टक्के. कंबर 92, आपल्याकडच्या पुरुषांना 90 च्या आत सांगतात, दोन बाकी. एसजीपीटी 38, एसजीओटी 30, ट्रायग्लिसराइड 158, एचबीएवनसी 5.7. फायब्रोस्कॅन: 5.2 किलोपास्कल, कॅप 262. एचडीएल 38, हे महाशय जागचे हलत नाहीत.

14 जून

हिशोब. तपासण्या, डॉक्टर आणि गोळ्या मिळून 21,400. यातले दुबार सोनोग्राफीचे 900, डिसेंबरमधल्या तपासणीचे 700 आणि एप्रिलचे 300 माझ्या उतावळेपणाचे. पाण्यात गेलेले: ज्यूसर, काढा-चूर्ण आणि 1,900 चा एक काटा जो मोबाइलवर "चरबीचे टक्के" दाखवतो आणि पाय ओले असले की वेगळे दाखवतो, मिळून 7,550. उपयोगी पडलेलं सामान: स्वयंपाकघराचा काटा, मापाचे चमचे, मोजपट्टी, दुसरा डबा, 1,240. पाट घरचाच. वाया गेलेला वेळ नोव्हेंबर 15 ते जानेवारी 6, म्हणजे सात आठवडे, अधिक फायबरचे दहा दिवस.

सराफा सोडलेला नाही. महिन्यातून एकदा शनिवारी जातो, साडेसातचा डबा खाऊन, आणि एकच वस्तू: थंडीत गराडू (तळलेला कंद), नाहीतर भुट्ट्याचा कीस. पहिल्यांदा दोस्त हसले. आता त्यातल्या दोघांनी रिपोर्ट काढले आहेत. एकाचा ग्रेड 2 आहे, तो ज्यूसर विकत घ्यायला निघाला होता. माळ्यावरचा काढून दिला, निदान पैसे तरी वाचतील त्याचे, आणि सकाळचं खाणं बंद करायचं नाही एवढं वदवून घेतलं.

बाकी राहिलेलं: झोप अजून साडेपाच तासच होते. वर्कशॉपमधली बसायची जागा तीच, दर तासाला उठायचा बेत दोन दिवस टिकतो. मुलाची कंबर मोजायची आहे, तो मोजू देत नाही.

सहावा कॅन 15 मेला उघडला, आज महिना होत आला, निम्म्याच्या थोडा खाली आहे. पाऊस सुरू झाला की भजी होणारच, म्हणून हा 42 दिवसांत संपला तरी चालेल असं मी म्हटलं. ही म्हणाली, 45.